उठल्यावरचा पहिला तास

ताई, नमस्कार.

माझं वय ४१. वीज उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून १६ वर्षं नोकरी करतोय. पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी ८ ते दुपारी ४, दुपारी ४ ते रात्री १२ आणि रात्री १२ ते सकाळी ८. चार वर्षांपासून १९७२च्या दुष्काळावर कादंबरी लिहितोय. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. तिने सांगितलेलं सगळं डोक्यात आहे, शिवाय जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स काढून तीन फाइली भरल्यात. लिहून मात्र ११० पानंच झालीत, आणि त्यात पहिलं प्रकरण नऊ वेळा लिहिलंय. पाळी बदलली की तीन-तीन आठवडे वही उघडली जात नाही. मग पुन्हा पहिल्यापासून वाचतो आणि पहिलंच पान बदलावंसं वाटतं. रात्रपाळीत एकटाच असतो, दर तासाच्या रीडिंगच्या मधल्या वेळात वही काढतो, पण मन लागत नाही आणि अपराधीही वाटतं. सुट्टीच्या दिवशी दार लावून बसतो, तर बायको म्हणते, "तुमचं लिहिलेलं मला कधी दिसत नाही, तुमचं नसणं तेवढं दिसतं." ती घरी शिवणकाम करते. दोन मुलं आहेत, घराचा हप्ता आहे. सहा महिने बिनपगारी रजा काढून कादंबरी एकदाची पूर्ण करावी असं मनात आहे. करू का?

– एक वाचक, सोलापूर जिल्हा

प्रिय भाऊ,

रजा काढू नका. निदान आत्ता नको.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच आकड्यापाशी थांबले. पहिलं प्रकरण नऊ वेळा. ज्याला खरोखरच वेळ मिळत नाही, त्याच्या हातून एक प्रकरण नऊ वेळा लिहून होत नाही. वेळ तुम्ही काढलाय, स्वतःची झोप आणि घरच्यांची सुट्टी मोडून काढलाय. पण तीन आठवड्यांनी वही उघडता तेव्हा आतली माणसं परकी झालेली असतात. कोण कुठे उभं होतं, कोण कुणावर रागावलं होतं, काही आठवत नाही. म्हणून पहिल्यापासून वाचायला घेता. पहिलं पान खटकतं, ते सुधारता सुधारता सुट्टी संपते आणि पुन्हा पाळी बदलते. कादंबरी दर वेळी गार पडते, हे तुमचं दुखणं आहे. सहा महिन्यांची रजा घेतलीत तर हीच सवय घरी तुमच्यासोबत बसेल, आणि डोक्यावर हप्त्याची काळजी असेल.

हे मी अनुभवाने सांगते. मी २९ वर्षं एका सहकारी बँकेत होते, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. पहिल्या कादंबरीसाठी मीही दोन महिन्यांची रजा घेतली होती. पहिले आठ-दहा दिवस कपाटं आवरण्यात गेले. मग पाहुणे आले, कारण मी घरी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. उरलेल्या दिवसांत मी सकाळी नऊला टेबलाशी बसायचे आणि समोर आख्खा दिवस पसरलेला पाहून हातच चालायचा नाही. दोन महिन्यांत २२ पानं झाली आणि ती सगळी मी फाडून टाकली. कामावर परत गेले त्या दिवशी इतकी खचले होते, की कादंबरी हा विषयच मिटला असं वाटलं. ती पुढे पूर्ण झाली, पण सहा वर्षांत, नोकरी चालू असताना, रोज पहाटेच्या एका तासात.

पहाटेचं नाव काढल्यावर तुम्ही म्हणाल की ताई, माझी पहाट दर आठवड्याला वेगळी असते. बरोबर आहे. रोज पाचला उठा असं सांगणारे लोक पाळीची नोकरी केलेले नसतात. म्हणून तुम्ही घड्याळातली वेळ धरूच नका. झोपेनंतरची वेळ धरा. पाळी कोणतीही असो, माणूस चोवीस तासांत एकदा झोपून उठतोच. उठल्यावरचा पहिला तास तुमचा. पहिल्या पाळीला तो साडेपाचला येईल, दुसऱ्या पाळीला मुलं शाळेत गेल्यावर, आणि रात्रपाळी करून सकाळी नऊ-दहाला आडवे झालात तर दुपारी तीन-चारच्या सुमाराला. एकच अट: त्या तासाआधी मोबाइल हातात घ्यायचा नाही. मन एकदा दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात अडकलं की ते परत आणण्यातच अर्धा तास जातो. रात्रपाळी संपवून आल्या आल्या मात्र लिहायला बसू नका. तारवटलेल्या डोळ्यांनी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी खोडावं लागतं आणि झोप गेलेली असते ती वेगळीच. ज्या दिवशी पाळी बदलते त्या दिवशी लिहायचं नाही, फक्त शेवटचं पान वाचायचं. पाच मिनिटं पुरेत.

एका तासात किती लिहून व्हावं? मी १५० शब्द म्हणते. वहीचं एक पान, किंवा त्याहून थोडं कमी. वर्षाचे २०० दिवस जरी बसलात, म्हणजे आजारपण, लग्नकार्यं, यात्रा-जत्रा सगळं सोडून, तरी ३०,००० शब्द होतात. तीन वर्षांत ९०,०००, आणि एवढ्यात चांगली भरगच्च कादंबरी होते. तुम्ही चार वर्षं आधीच घातलीत, म्हणून तीन वर्षं हा आकडा तुम्हाला टोचेल. पण याहून लवकर होण्याची लालूच मी तुम्हाला दाखवणार नाही.

आता ती गार पडू नये यासाठी काय करायचं, ते नीट सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. बँकेत दिवस संपताना रोजकीर्दीत अखेरची शिल्लक लिहावी लागते. ती मोजून, जुळवून, सही केल्याशिवाय उठता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रक्कम आरंभीची शिल्लक म्हणून वर येते. सकाळी कुणीही येऊन बसलं तरी बँक काल कुठे थांबली होती ते एका ओळीत कळतं. मी हे वर्षानुवर्षं पैशांसाठी करत होते, आणि एके दिवशी ध्यानात आलं की वहीसाठी मी हे करतच नाही. त्या दिवसापासून मी लिहिणं संपवताना शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायला लागले. पानाच्या तळाशी रेघ मारायची आणि खाली दोन-तीन ओळी उतरवायच्या: आता कोण कुठे आहे, त्याच्या मनात काय आहे, उद्या पहिलं वाक्य कशाबद्दल असेल. उदाहरणार्थ, "ती पाटी खाली ठेवून उभी आहे. मुकादमाने नाव पुकारलं नाही. उद्या: ती विचारते की गप्प राहते?" एवढंच. आणि थांबायचं ते पुढचं माहीत असताना. सगळं सांगून संपल्यावर उठलात तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखं होतं.

याला जोडून एक कडक नियम करावा लागेल. मागचं पान सोडून त्याआधीचं काहीही वाचायचं नाही, पूर्ण खर्डा होईपर्यंत. पहिलं प्रकरण वाईट असेल तर असू द्या. नवव्या वेळी लिहिलेलं एका लिफाफ्यात घालून, तोंड चिकटवून, बायकोच्या ताब्यात द्या. मी हे गमतीने सांगत नाही. तुमची पहिली वीस पानं कशी असायला हवीत हे शेवटची वीस लिहिल्यावरच कळणार आहे. तोवर त्यात केलेली प्रत्येक सुधारणा बहुधा फुकट जाणार.

आणि त्या तीन फाइली. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल वाचण्यासारखं पुष्कळ आहे, ते मला मान्य आहे. पाझर तलावांची कामं, खडी केंद्रं, कामावर खायला मिळणारी सुकडी, अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, आणि याच अनुभवातून पुढे आलेला रोजगार हमीचा कायदा. पण चौथी फाइल सुरू करू नका. माहिती जमवताना आपण काम करतोय असं वाटत राहतं आणि लिहिण्याची भीती लपून राहते. लिहिता लिहिता एखादी गोष्ट अडली, समजा रोजगार किती मिळायचा, तर तिथे चौकट काढून पुढे जा. अशा पंचवीस चौकटी जमल्या की एका सुट्टीत बसून सगळ्यांची उत्तरं शोधा. तुमच्या आजीने सांगितलेलं कोणत्याही वर्तमानपत्रात सापडणार नाही, आणि वाचक येणार आहे तो त्यासाठी.

रात्रपाळीबद्दल तुम्हाला अपराधी वाटतं असं लिहिलंत. ते वाटणं मला मोलाचं वाटतं, ते घालवू नका. उपकेंद्रातल्या कामातलं मला काही कळत नाही. पण तुम्ही लाइन बंद ठेवलेली असताना कुणीतरी वायरमन अंधारात खांबावर चढलेला असतो, एवढं मलाही समजतं. कादंबरीत शिरलेला माणूस हाक मारली तरी ऐकत नाही, आणि तुमची हाक तर फोनवरून येते. म्हणून पाळीवर लिहू नका. खिशात एक छोटी डायरी ठेवा. एखादा शब्द सुचला, कुणाचं बोलणं कानात राहिलं, तर एक ओळ टिपा आणि डायरी बंद करा. बाकी त्या आठ तासांत मन आतल्या आत दळत राहतंच. माझी कितीतरी संभाषणं नोटा मोजताना जुळली. मोजणी चुकली नाही, कारण मी लिहीत नव्हते.

आख्खी रात्र जागून एका दमात लिहून काढू, हा मोह प्रत्येकाला होतो. प्रागमध्ये कामगार अपघात विमा कार्यालयात नोकरी करणाऱ्या फ्रांझ काफकाने १९१२च्या सप्टेंबरात एक कथा रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत सलग बसून लिहिली, आणि त्या सकाळी कामावर न जाता बरं नसल्याची चिठ्ठी पाठवली. ती कथा अजोड आहे. पण त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. कारणं अनेक असतील. तरी मला वाटतं, रात्रीच्या उधाणाने कथा तरून जाते, कादंबरीला भरती-ओहोटी दोन्हीत वल्हं मारावं लागतं.

दुसरा गृहस्थ इंग्लंडच्या टपाल खात्यातला, अँथनी ट्रोलोप. ३३ वर्षं खात्यात होता, ४७ कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या आत्मचरित्रात त्याने सगळा हिशेब मांडलाय: पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. लोक हा आकडा ऐकून घाबरतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जवळची वाटते. तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा. तीच आपली आरंभीची शिल्लक.

आणखीही एक गोष्ट त्याने लिहून ठेवलीय, ती मात्र तुमच्या घराशी जुळते. त्याला पहाटे उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा नोकर होता. या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. ट्रोलोप म्हणतो, मला मिळालेल्या यशासाठी मी इतर कुणापेक्षा त्याचाच जास्त ऋणी आहे असं म्हणायला हवं. लिहिणाऱ्या प्रत्येक पुरुषाने हे वाक्य वाचावं. त्या माणसाला निदान जादा पैसे मिळत होते.

तुमच्या पत्नीचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत, भाऊ. मला ती तक्रार वाटली नाही. तिने नेमकं सांगितलंय. तुमची सुट्टी म्हणजे तिच्या आठवड्यातला एकच दिवस, जेव्हा मुलांना सांभाळायला दुसरं माणूस घरात असतं. त्याच दिवशी तुम्ही दार लावून घेता. रोजचा एक तास पक्का झाला की सुट्टीचा दिवस मोकळा होईल. तो तिला परत करा, पूर्ण. आणि तिच्याशी बसून ठरवा. परवानगी मागायची म्हणून नव्हे. हा तास कुणाच्या वाट्यातून निघतोय ते दोघांना दिसावं म्हणून. मुलांचे डबे, पाणी, दूध, यातलं काय कोण करणार? शिवणाच्या घाईच्या दिवसांत, सणासुदीला, लग्नसराईत, तुमचा तास सरकेल का? आणि तिला स्वतःसाठी एक तास हवा असेल तर तो कुठला? ती त्यात काय करते हे विचारू नका. दारही लावू नका. उघड्या दाराशी बसून लिहिणारा माणूस घरात असतो.

माझ्याकडे हा हिशेब सासूबाईंनी सांभाळला. पहाटे पाच ते सहा त्या धाकटीला घेऊन ओसरीवर बसायच्या. अक्षरओळख जेमतेम, माझं एक पानही त्यांनी कधी वाचलं नाही. चहा ओतताना विचारायच्या, "आज किती ओळी?" मी आकडा सांगायचे आणि त्या मान हलवायच्या. चार ओळी झालेल्या असल्या की आकडा सांगायला लाज वाटायची. त्या लाजेने मला जेवढं लिहायला लावलं तेवढं कुठल्याच प्रेरणेने लावलं नाही. तुमच्या मोठ्या मुलाला हे काम द्या. त्याने फक्त आकडा विचारायचा.

पैशांचं थोडक्यात सांगते. समजा तुमच्या कादंबरीच्या १,००० प्रती निघाल्या, किंमत ४०० रुपये आणि मानधन दहा टक्के धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर ४०,००० रुपये हातात येतील, आणि त्या खपायला काही वर्षंही लागू शकतात. यावर घराचा हप्ता टाकू नका. पगार आहे म्हणूनच तुम्ही कुणाच्या घाईने, कुणाला आवडेल असं लिहायला बांधलेले नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. 'गारंबीचा बापू' १९५२ साली आली, 'रथचक्र' १९६२ साली, आणि दोन्हींत बसचा डेपो नाही, कोकण आहे. रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. नोकरी करत लिहिणं ही आपल्याकडे जुनी वाट आहे, त्या वाटेवर तुम्ही एकटे नाही. प्रकाशनाची वेळ येईल तेव्हा तुमच्या कंपनीचे सेवा नियम वाचा आणि लेखी कळवून परवानगीचं काय ते विचारून घ्या. आज त्याची चिंता नको.

रजा मात्र साठवा. बिनपगारी नव्हे, हक्काची अर्जित रजा. पूर्ण खर्डा हातात आला की पंधरा दिवस लागतील, आणि तेव्हा ते सलगच हवेत. सगळी कादंबरी एका दमात वाचायची, पान चारवर मेलेला बैल पान दोनशेवर चरताना दिसला तर तो पकडायचा, कोणती माणसं जादा आहेत ते ठरवायचं. हे काम तासातासाने होत नाही, कारण आख्खी गोष्ट एकाच वेळी डोक्यात मावावी लागते. तेव्हा रजा घ्या आणि जमलं तर घराबाहेर कुठेतरी बसा. लिफाफाही तेव्हाच फोडा.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, समास सोडून, घाईत लिहिलेल्या चार ओळी होत्या. तुम्ही त्या मुद्दाम लिहिल्यात की राहून गेल्या ते मला माहीत नाही. आजी सांगायची की पहिल्या दिवशी हजेरी लावताना तिने स्वतःचं नाव सांगितलंच नाही, धाकट्या जावेचं सांगितलं, कारण जाऊ बाळंतीण होती आणि तिचा रोज बुडायला नको होता. मग आठवडाभर ती त्याच नावाने खडी फोडत राहिली, आणि स्वतःची हजेरी? ती कुणी लावली? मला हे जाणून घ्यायचंय. वर्तमानपत्रांच्या झेरॉक्सवर सुरू होणाऱ्या, नऊ वेळा लिहिलेल्या तुमच्या पहिल्या प्रकरणापेक्षा कितीतरी जास्त जाणून घ्यायचंय.

उद्या उठल्यावर तिथून सुरू करा. प्रकरण कितवं ते लिहू नका. पाटी, हातोडी, मस्टर धरून बसलेला माणूस, आणि ती तोंड उघडून दुसऱ्याच बाईचं नाव सांगते. दीडशे शब्द. मग रेघ मारा आणि खाली शिल्लक लिहा. दिवाळीच्या आसपास मला पुन्हा पत्र पाठवा, त्यात पानं किती झाली ते नको, फक्त त्या दिवसाच्या तळाच्या दोन ओळी उतरवून पाठवा, आणि त्या आठवड्यात पाळी कोणती होती तेही.

तुमची,
ताई